हात लावू नये, शोध लावावा

डिसेंबर उजाडला की आमच्या जालना जिल्ह्यातून लाल गाड्यांची फौज बाहेर पडते. शाळेच्या सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते, म्हणून एका दिवसात किती ठिकाणं कोंबता येतील याचा हिशेब मांडून गुरुजी लेकरांना पहाटे चारला शाळेच्या मैदानात उभं करतात. परवानगीच्या कागदावर सहलीचा उद्देश टाईप केलेला असतो : विद्यार्थ्यांमध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन रुजवणे, निसर्गाची आवड निर्माण करणे व वारशाची जाणीव करून देणे. तिन्ही कामं एका दिवसात, चहा-नाश्त्यासह. आणि ही तिन्ही कामं जिल्ह्याच्या हद्दीबाहेरच होतात, याबद्दल आजवर कुणाच्याच मनात शंका आलेली नाही. हद्दीच्या आत दृष्टिकोन रुजत नसावा. जमीन हलकी असेल.

मग दौलताबादचा किल्ला अंधारीपर्यंत चढायचा. वेरूळचं कैलास ‘झालं का सगळ्यांचं?’ या आरोळीत उरकायचं. मकबऱ्यासमोर ग्रुप फोटो, पाणचक्कीवर डबे, आणि शेवटी दिवस बुडायच्या आत एखाद्या विज्ञान केंद्रात शिरायचं. तोवर लेकरं इतकी दमलेली असतात की तिथल्या फिल्मच्या खोलीत दिवे गेले की पहिला शोध लागतो तो झोपेचा. घरी आल्यावर आई विचारते, काय काय पाह्यलं रे? पोरगं सांगतं, गाडीत दोघांना उलट्या झाल्या.

विज्ञान केंद्रांशी आमचं वैर नाही. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र आणि नागपूरचं रामन विज्ञान केंद्र ही मोठी घराणी. पुण्यात आयुकाच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेला पु. ल. देशपांड्यांच्या देणगीचा हात लागलेला आहे, आणि तिथं अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, झाडूचे हीर असल्या ऐवजातून खेळणी करून दाखवली. म्हणजे विज्ञान शिकवायला लागणारा निम्मा माल आपल्या घरच्या केरात असतो, हे सिद्ध झालं. आपल्याकडे ते कुणी मनावर घेतलं नाही, कारण केराचं टेंडर निघतं ते उचलण्यासाठी, वापरण्यासाठी नाही.

आमचा रोख आहे तो या मोठ्या घराण्यांच्या गावोगावच्या नकलांवर. त्यांची कृती ठरलेली असते. एक घुमट. एक रॉकेट, जे उडणार नाही याची खात्री पटावी म्हणून चबुतऱ्यात सिमेंटनं गाडलेलं. एक फायबरचा डायनासोर, ज्याची शेपटी पहिल्या पावसाळ्यानंतर तडकते. डायनासोर पाहिजेच. वास्तविक आमच्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतला गेलेला लाव्हा. मराठवाड्यातली कुठलीही विहीर खणताना हे थर हाताला लागतात. टणक, मग भुसभुशीत, मग लालसर, मग परत टणक. विहिरीच्या काठावर उभं राहून पृथ्वीचं वय मोजता येतं. पण विहिरीचं उद्घाटन करायला कुणी येत नाही, डायनासोरच्या शेपटीखाली फीत मात्र छान बांधता येते.

आणि आत बटणं. भिंतभर बटणं. प्रत्येक बटणाखाली लिहिलेलं असतं, ‘बटण दाबा व पाहा’. दाबलं की काही दिसत नाही, आणि काही दिसत नाही ते का, हे कुठंच लिहिलेलं नसतं.

अशाच एका केंद्रात (नाव कशाला घ्या, सगळी एकाच साच्यातली) ओळखीच्या शाळेबरोबर जाण्याचा योग आला. पायडल मारून वीज तयार करायची सायकल होती. बसायची सीट होती, पायडल होतं, समोर बल्ब होता, वर ‘ऊर्जेचे रूपांतर’ अशी पाटी होती. पोरं रांगेनं चढत होती, पाय फिरवत होती, बल्ब ढिम्म. सातवीतलं एक बारकं पोरगं खाली वाकलं आणि म्हणालं, “सर, चेन उतरलीय. बसवू का? दोन मिनिटं लागतील.” त्याच्या बापाचं सायकलचं दुकान आहे. कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेला माणूस मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, “ए, हात लावू नको. वस्तू सरकारी आहे.” पोरानं हात मागं घेतला. गुरुजींनी हजेरीच्या कागदावर त्या दालनासमोर बरोबरची खूण केली. तीस पोरं बिनचेनच्या सायकलवर पाय फिरवून पुढच्या दालनात गेली, आणि ऊर्जेचं रूपांतर घामात झालं, एवढं नक्की.

सॅन फ्रान्सिस्कोत फ्रँक ओपनहायमर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं १९६९ साली एक्सप्लोरेटोरियम काढलं. अणुबॉम्बवाल्या ओपनहायमरचा हा धाकटा भाऊ. मॅकार्थीच्या काळात त्याची विद्यापीठातली नोकरी गेली, मग बरीच वर्षं कोलोरॅडोत गुरं राखली, पुढे तिथल्याच शाळेत विज्ञान शिकवलं. जगभरच्या ‘हात लावून बघा’ केंद्रांचा तो आजोबा. त्यानं एक गोष्ट अशी केली की आपल्याकडे ऐकून धडकी भरेल. प्रयोग बनवायचा आणि दुरुस्त करायचा कारखाना त्यानं मागच्या अंगाला लपवला नाही, दर्शनी भागात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा मांडला. लेथ, वेल्डिंग, सगळं समोर. एखादं यंत्र मोडलं तर ते कसं मोडलं आणि कसं नीट केलं, हाच पुढचा धडा. आपल्याकडे मोडलेल्या यंत्राला फडकं गुंडाळतात आणि वर चिठ्ठी लावतात, ‘काम चालू आहे’. कुणाचं, ते सांगत नाहीत. जालन्यात तर फिटर, टर्नर, वेल्डर औद्योगिक वसाहतीच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर सापडतात. पण केंद्र चालवायला आपण पुतळा बसवणारा गाठतो.

असो. मूळ मुद्दा लाल गाड्यांचा. त्या ज्या रस्त्यानं बाहेर जातात, त्या रस्त्यावर काय काय मागं टाकून जातात, ते एकदा मोजावं म्हटलं.

भोकरदन घ्या. भोकरदन म्हटलं की आपल्याला बसस्टँड आठवतं आणि निवडणूक आठवते. दोन हजार वर्षांपूर्वी या गावाचं नाव भोगवर्धन होतं. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची जी नावं कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनची माणसं आहेत. म्हणजे वर्गणी देऊन दगडावर नाव टाकून घ्यायची आमच्या तालुक्याची सवय निदान सातवाहनांच्या काळाइतकी जुनी. पैठणहून उत्तरेला उज्जैनकडे जाणारा व्यापारी मार्ग इथून जायचा. पेरिप्लस या ग्रीक व्यापारी पोथीत भडोचपासून पैठण वीस दिवसांवर आणि तिथून तेर आणखी दहा दिवसांवर, असं वेळापत्रक दिलेलं आहे. वेळापत्रक आणि रस्ता दोन्ही असण्याचा तो काळ.

१९७३ साली मराठवाडा आणि नागपूर या दोन विद्यापीठांनी मिळून भोकरदनला उत्खनन केलं. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी त्याचा अहवाल लिहिला. त्यात हस्तिदंताची एक तुटकी स्त्रीमूर्ती मिळाली. तुटकी म्हणून नाक मुरडू नका, कारण हिची धडधाकट बहीण इटलीत आहे. पॉम्पेईच्या राखेत १९३८ साली हस्तिदंताचीच एक भारतीय बाई सापडली. सुमारे पाव मीटर, म्हणजे वीतभर उंचीची, अंगावर दागिने, दोन बाजूंना दोन छोट्या दासी. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला तेव्हा ती तिथल्या एका घरात होती. इटलीकरांनी तिला लक्ष्मी म्हटलं, नंतरच्या पंडितांनी यक्षी म्हटलं. डोक्यातून आरपार भोक आहे, म्हणजे आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या मेजाचा पाय. आधी सगळे मथुरेकडे बोट दाखवायचे. भोकरदनची आणि तेरची मूर्ती समोर आल्यावर ते बोट हळूहळू आमच्या बाजूला वळलं. नेपल्सच्या संग्रहालयात ती ठेवली आहे, तिकीट काढून बघावी लागते.

तर पॉम्पेईच्या श्रीमंताच्या घरात बहुधा भोकरदनचा माल होता, आणि भोकरदनच्या शाळेतल्या पोराला व्हेसुव्हियस हा शब्द भूगोलाच्या गाळलेल्या जागेत भेटतो. आमच्याकडे धाब्याच्या घरावर पांढरी माती टाकायची रीत होती. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड. त्या मातीत पाणी मुरत नाही म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ती बैलगाडीनं उपसली गेली. किती गावांची सातवाहनकालीन खापरं कुणाच्या माळवदात दडपली आहेत, देव जाणे. हा शोध शाळेला घ्यायला काय हरकत होती? खापराचा तुकडा हातात घ्यायचा, आतून कसा, बाहेरून कसा, कडा कशी, चाकावरचा की हातचा. तिकीट नाही, बटण नाही. पण मग जेवणाची सोय कुठं करणार, हा गुरुजींचा प्रश्न आणि तो खरा आहे. भोगवर्धनला संडासही नाही. व्हेसुव्हियसजवळ आहेत.

तेरचं उदाहरण समोर असून आपण शिकलो नाही. तिथं रामलिंगप्पा लामतुरे नावाच्या एका माणसानं गावातल्या पांढरीत उगवणारं एकेक खापर, मणी, मूर्ती गोळा केली. पुढे त्याच संग्रहाचं सरकारी संग्रहालय झालं आणि त्यांचंच नाव त्याला आहे. आधी वस्तू, मग इमारत. आपण इमारतीपासून सुरू करतो आणि वस्तू यायच्या आत रंग उडतो.

भोकरदनहून पुढे असई. जाफ्राबादकडे जाणाऱ्या त्या पट्ट्यात. गाव एवढंसं. ब्रिटिश लष्करी इतिहासाच्या कुठल्याही पुस्तकात ते आहे, मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावरचा हत्ती याच गावच्या लढाईचा, बर्नार्ड कॉर्नवेलनं १९९८ साली या लढाईवर अख्खी कादंबरी लिहिली. आमच्या सहलीच्या यादीत मात्र असई येत नाही. हरलेल्या लढाईत ग्रुप फोटो कुठं काढणार.

२३ सप्टेंबर १८०३. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांचं सैन्य. शिंद्यांकडे कवायती पलटणी आणि तोफा, त्यांच्यावर पोलमन नावाचा हॅनोव्हरचा जर्मन. समोर आर्थर वेलस्ली, वय ३४, पुढे वॉटर्लू जिंकून ड्यूक ऑफ वेलिंग्टन होणारा तोच. त्याची दुसरी तुकडी अजून लांब होती. शत्रू अनपेक्षितपणे समोर आला, फौज त्याच्या कैक पट. केळणा ओलांडायची तर उतार कुठं? वाटाडे म्हणाले, उतार एकच, आणि तो शिंद्यांच्या तोफांच्या तोंडावर. त्यांना खरंच माहीत नव्हतं की मुद्दाम सांगितलं नाही, कोण जाणे. मुद्दाम सांगितलं नाही असं मानायला मला आवडतं.

वेलस्लीनं नजर टाकली तर खालच्या अंगाला नदीच्या या काठावर एक गाव, त्या काठावर दुसरं, अगदी समोरासमोर. इंग्रजी कागदांत त्यांची नावं पीपलगाव आणि वारूर अशी आहेत. तो म्हणाला, एवढी जवळ दोन गावं, आणि त्यांच्यात येणंजाणं नाही? अशक्य. सोयरिकी असतील, उसनवारी असेल, एकाची म्हैस दुसऱ्याच्या वाड्यात जात असेल. येणंजाणं आहे म्हणजे उतार आहे. माणूस पाठवला. उतार निघाला. फौज पलीकडे गेली. शिंद्यांच्या पलटणींनी इतक्या सफाईनं तोंड फिरवून नवी फळी उभी केली की वेलस्ली चकित झाला. त्याची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. पण शिंद्यांच्या शंभराच्या आसपास तोफा त्याच्या हाती पडल्या, डिसेंबरात सुर्जी-अंजनगावचा तह झाला आणि पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे. म्हातारपणी कुणीतरी विचारलं, आयुष्यात लढाईच्या मैदानावर सगळ्यांत चांगलं काय केलंत, तर वॉटर्लू न सांगता तो असई म्हणाला, असं सांगतात.

घर फोडणाऱ्याची आरती करा असं माझं म्हणणं नाही. पण कुलूप कोणत्या किल्लीनं उघडलं, ते घरच्यांनी तरी बघून ठेवावं की नाही? वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणजे याहून वेगळं काय असतं? समोर दिसतं ते बघायचं, त्यावरून न दिसणारं ओळखायचं, आणि मग माणूस पाठवून खात्री करायची. तिन्ही पायऱ्या केळणेच्या काठावर उभं राहून सातवीच्या वर्गाला अर्ध्या तासात शिकवता येतात. पोरांना नुसतं विचारायचं, “सांगा पाहू, उतार कुठं असेल?” त्यातलं गुरं वळणारं एखादं पोरगं वेलस्लीच्या आधी सांगेल. मात्र ते पोरगं सहलीला आलेलं नसेल. वर्गणी भरायची राहिली असेल.

वारसा मन लावून बघणारे लोक जिल्ह्यात अजिबात येत नाहीत, असंही नाही. घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ हे रामदास स्वामींचं जन्मगाव. ऑगस्ट २०२२ मध्ये काही मंडळी तिथं आली, राममंदिरातल्या जुन्या मूर्ती नीट पारखल्या आणि रात्री घेऊन गेली. गाव उपाशी बसलं, विधिमंडळात गाजलं, आणि पोलिसांनी परराज्यापर्यंत माग काढून मूर्ती शोधून आणल्या. जालना जिल्ह्यात वारशाचा शोध घेणारं नियमित चालू असलेलं केंद्र म्हणाल तर ते हेच, स्थानिक गुन्हे शाखा. चोरीला गेल्याशिवाय वस्तू मोलाची आहे हे कळत नाही, म्हणून अन्व्याचं ते सुरेख जुनं मंदिर आपण अजून नीट बघितलेलं नाही. भोकरदन तालुक्यातच आहे. खांब बघा, बाहेरच्या मूर्ती बघा. तिथं रांग नाही, हीच एक अडचण. रांग नसेल तर देव पावत नाही अशी आपली समजूत.

मंठ्यावरून पुढे गेलं की लोणार. ते बुलढाण्यात जातं, तेव्हा श्रेय त्यांचं. पण बसाल्टमध्ये उल्का आदळून झालेलं हे विवर चंद्र-मंगळावरची विवरं समजून घ्यायला जगभरचे लोक अभ्यासतात, आणि २०२० च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा आमच्याकडच्या लोकांनी तासाभरात तीन कारणं शोधली : ग्रहण, कोरोना आणि केमिकलवाले. शास्त्रज्ञांनी नंतर खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव सांगितले. ते कारण फॉरवर्ड करण्यासारखं नव्हतं. जालना शहराला निजामाच्या काळातला घाणेवाडीचा तलाव आहे, उताराउतारानं पाणी शहरात आणणारा. गुरुत्वाकर्षणाचं एवढं मोठं मॉडेल कुठल्या केंद्रात आहे? आम्ही त्यात गाळ साठू दिला, दुष्काळानं डोळे वटारले तेव्हा शहरातल्या लोकांनीच पुढाकार घेऊन तो उपसायला सुरुवात केली. उपसलेला गाळ शेतकऱ्यांनी नेला. म्हणजे गाळाला तरी मागणी आली.

आता प्रश्न असा येईल की मग जालन्यात एक मोठं विज्ञान, निसर्ग आणि वारसा शोध केंद्र का उभारू नये? हा प्रश्न मी विचारलेला नाही, पण तो कुणीतरी भाषणात विचारील याची मला भीती आहे. १ मे १९८१ ला जिल्हा झाला, तेव्हापासून आम्ही इतक्या कोनशिला पाहिल्या आहेत की त्यांचंच एक संग्रहालय निघेल. तोही एक वारसाच. केंद्र जाहीर होईल. जागेवरून दोन तालुक्यांत भांडण लागेल. आराखडा करणारा सल्लागार मुंबईहून येईल आणि गावात काय आहे हे न विचारता घुमट, रॉकेट, डायनासोर काढून देईल. प्रवेशद्वारापाशी ‘आय लव्ह जालना’ लिहिलेला सेल्फी पॉइंट सगळ्यांत आधी पूर्ण होईल, कारण त्याला छप्पर लागत नाही.

आणि आत काय दाखवतील? दोन गोष्टी हमखास. एक, धातू तापवल्यावर काय होतं. दुसरी, मेंडेलचे वाटाणे.

धातूचं बघा. ‘जालना सोने का पालना’ असं आमचे जुने लोक म्हणायचे. आता पाळणा सळईचा झालाय. देशोदेशीचं भंगार इथं येतं, भट्टीत वितळतं, बिलेट होऊन बाहेर पडतं आणि रोलिंग मिलमधून लालभडक सळई सापासारखी सुटते. ती तशीच गार होऊ देत नाहीत. धावत्या सळईवर पाण्याचे जोरदार फवारे मारतात. बाहेरची कातडी एकदम गार होऊन टणक होते, आतला गाभा तापलेलाच राहतो, आणि ती आतली धग हळूहळू बाहेर येत कातडीचा ठिसूळपणा घालवते. बाहेरून कडक, आतून लवचिक. भूकंपात इमारत उभी राहते ती या पाण्याच्या फवाऱ्यावर. टीएमटी, टीएमटी म्हणून ज्याच्या जाहिराती भिंतीभिंतीवर रंगवलेल्या असतात, ते एवढंच. ज्या पोराचा बाप त्या मिलमध्ये बारा-बारा तास उभा राहतो, त्याला हे कधी कुणी सांगितलं का? मिलच्या गेटावर ‘आत प्रवेश नाही’, आणि केंद्रात ‘बटण दाबा व पाहा’. सुरक्षेचं कारण आहे, मान्य. पण काचेआड एक गच्ची बांधायला किती सळई लागते, हे जालन्यानं कुणाला विचारावं?

मेंडेलची गोष्ट याहून भारी. ग्रेगोर मेंडेल हा ब्र्नोच्या मठातला साधू. १८५६ ते १८६३ अशी वर्षं त्यानं मठाच्या बागेत वाटाणे लावले, चिमट्यानं फुलातले पुंकेसर पिकायच्या आत काढले, दुसऱ्या झाडाचा पराग आणून लावला आणि पुढच्या पिढीत काय उतरतं ते मोजत बसला. केंद्रात त्याचं चित्र असतं, खाली हिरवे-पिवळे प्लॅस्टिकचे गोळे असतात. एखाद्दुसरा गोळा पोरांनी पळवलेला असतो, त्यामुळे तीनास एक हे प्रमाण जुळत नाही.

आणि आमच्या जिल्ह्यात? १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको काढली. सुरुवातीच्या काळात त्यांनी हात घातला तो भेंडीच्या बियाण्यात. १९९८ साली त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. आज जालना म्हणजे बियाण्यांचं गाव, आणि जालन्यापासून देऊळगाव राजापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरव्या-पांढऱ्या शेडनेटच्या जाळ्या दिसतात. आत गावातल्या बाया क्रॉसिंग करतात. हाच शब्द आहे, क्रॉसिंग. दुपार कलली की उद्या उमलणारी कळी नजरेनं ओळखायची, चिमट्यानं तिच्यातले पुंकेसर काढायचे, आतल्या स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही, कळी झाकायची, खूण म्हणून रंगीत दोरा बांधायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या ओळीतलं ताजं फूल घेऊन त्याचा पराग स्त्रीकेसराच्या टोकाला लावायचा. एक कळी चुकली तर तिच्यातलं बी भेसळ. चाचणीत भेसळ निघाली की लॉट नापास आणि हंगामाचे पैसे गेले. मेंडेलला ही भीती नव्हती. त्याला मठात जेवण मिळायचं.

या बायांपैकी एकीला विचारलं, मावशी, उद्या उमलणारी कळी कशी ओळखता हो? त्या म्हणाल्या, “पोट भरलेलं दिसतं ना तिचं.” हे कुठल्या दालनात लिहाल? आणि यांची पोरं त्याच डिसेंबरात लाल गाडीत बसून मेंडेलचे प्लॅस्टिकचे वाटाणे बघायला पाठवली जातात. सहलीचे पैसे आईच्या क्रॉसिंगच्या रोजातून दिलेले असतात.

म्हणून या रविवारी ओळखीच्या एका शेडनेटवाल्याला फोन लावला. म्हटलं, दादा, शाळेची पोरं आणायची आहेत, बघायला. तो आधी गप्पच झाला. मग म्हणाला, “कशाला? इथं काय हाय बघायला?” समजावून सांगितलं. म्हणाला, या, पण सकाळी आठच्या आत या. ऊन चढलं की बाया कामात, मंग कुणी बोलणार नाही. नर-मादीच्या वाणाची नावं विचारू नका, मलाच ठाऊक नाहीत, कंपनी नुसता नंबर देते. फोटो काढायचे नाहीत. पाय धुऊनच आत यायचं. एका वेळी दहाच पोरं. मी विचारलं, आणि हात लावला तर चालेल का? तो म्हणाला, “हात न लावता शिकतील कसं? बांधाकडची एक ओळ सोडतो त्यांना. चिमटे मात्र तुमचे आणा, माझे बाया घरी घेऊन जातात.”

गुरुजींना निरोप दिला. गुरुजी म्हणाले, कल्पना चांगली आहे, पण परवानगीच्या कागदावर स्थळाचं नाव काय टाकू?